"लोखंडी शेड मारा, 50 वर्षं बघायला नको" हे कोकणात तरी खरं नाही

गोठा बांधायचाय म्हटलं की गावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, लाकडाच्या मेढी (खांब) आता नकोत, वाळवी खाते, आग धरतात, वादळात पडतात, लोखंडी पाइप आणि पत्रा टाका, 50 वर्षं बघायला नको. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने एवढ्यावर पैसे घालू नयेत म्हणून लिहितोय.

आधी ते 50 वर्षांचं. पाइप गॅल्वनाइज्ड घेतला तरी फॅब्रिकेटर वेल्डिंग मारतो तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो, त्यात वरून खारा वारा, खाली गोमूत्र नि शेणाचं पाणी. जुन्या गोठ्यातले पाइप बघा, रंग चांगला दिसतो पण जमिनीपासून वीतभर उंचीवर स्क्रूड्रायव्हर टोचला की पापुद्रे सुटतात, कारण गंज पोकळीतून पण खातो आणि आत रंग मारता येत नाही.

वाळवीचं अर्धं खरंय. कोवळं लाकूड ती खातेच, पण जून सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. मेढ खरी कुजते ती जमिनीलगत, तिथे ओल पण असते आणि हवा पण. म्हणून तर जुन्या घरांत खांब पुरलेला नसतो, तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर उभा असतो. जांभा पाणी ओढतो, तेव्हा तळखडा काळ्या दगडाचा घ्या, बुडाला काजूच्या टरफलाचं तेल लावा.

आगीचं म्हणाल तर लाकूड जळतं, बरोबर. पण गोठ्यात पेटतो तो पेंढा, आणि 550-600 डिग्रीला लोखंडाची ताकद साधारण निम्म्यावर येते, बारीक पाइप पटकन तेवढा तापून वाकतो. जाड मेढ बाहेरून कोळसा होत मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास आत जळते, तेवढ्यात गुरं सोडता येतात.

वादळात काय होतं ते 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी श्रीवर्धन-दिवेआगरने बघितलंय, पत्रे उडाले. उघड्या गोठ्यात वारा शिरून छप्पर खालून उचलतो, तिथे मेढ कशाची आहे यापेक्षा ती खाली आणि वाशाला कशी बांधलीय यावर सगळं असतं. तळखड्यावर नुसती टेकवलेली मेढ पण उचकटणारच, दोन्हीकडे लोखंडी पट्टी आणि नटबोल्ट हवेतच.

मधे खांब न देता 30-40 फुटांचा गाळा हवा असेल, ट्रॅक्टर वगैरे ठेवायला, तर लोखंडच घ्या. फक्त वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर झिंक प्रायमर मारून घ्या आणि पाइपचं बूड फरशीपासून फूटभर उंच काँक्रीटच्या पेडेस्टलवर (ठोकळ्यावर) बसवा.