1913च्या आधीही आपला कॅमेरा फिरत होता

3 मे, म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913मध्ये प्रदर्शित झाला तो दिवस, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘हा भारताचा पहिला सिनेमा. फाळक्यांच्या आधी एकाही भारतीयाने सिनेमा काढला नव्हता. भाटवडेकरांनी कुस्ती टिपली, पण ते नुसतं चित्रण. शिवाय त्याची फीत आज कुठे आहे?’ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांच्यावर हा उघड अन्याय आहे.

‘एकाही भारतीयाने नाही’ हे साफ चूक. 7 जुलै 1896ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्यांनी भारावलेल्या सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसायच होता. 1899मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. फीत धुवायला विलायतेला पाठवावी लागली. विषय ठरवणारे, कॅमेरा फिरवणारे आणि पुढे ती लोकांना दाखवणारेही तेच. कलकत्त्यात हीरालाल सेनही त्याच सुमारास अशी हलती चित्रं टिपू लागले होते.

‘नुसतं चित्रण’ हा शेरा मला सर्वांत जास्त खटकतो. ल्युमिएर बंधूंनी 1895मध्ये पॅरिसला दाखवलं ते काय होतं? कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, तेही मिनिटभरसुद्धा नाही. त्याला जगाच्या सिनेमाची सुरुवात म्हणायचं आणि आपल्या मल्लांना बाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय? शिवाय कॅमेरा कुठे रोखायचा हे सावेदादांना नेमकं कळत होतं. केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1901च्या डिसेंबरात मुंबईत उतरले, तेव्हा त्यांचं स्वागत सावेदादांनी फितीवर घेतलं. पुढे त्यांनी 1903चा व्हाइसरॉय कर्झनचा दिल्ली दरबारही चित्रित केला, पण त्याआधी बातमी म्हणून त्यांनी निवडला तो कोकणातून आलेला एक गणिती. भारतीय वृत्तपटाची सुरुवात इथे आहे.

राहिला फितीचा प्रश्न. फीत उरली नाही म्हणून काम नाकारायचं, तर ‘राजा हरिश्चंद्र’चं काय करणार? तोही संपूर्ण उरलेला नाही, आणि जे भाग उरले ते 1917च्या पुनर्निर्मितीचे असावेत असं काही अभ्यासक मानतात.

हे सांगितल्याने फाळके लहान होत नाहीत. पटकथा, नट, चित्रीकरण, फीत धुणं हे सगळं इथेच उभं करून त्यांनी कथापट, म्हणजे गोष्ट सांगणारा चित्रपट, घडवला. त्यामुळे मजकूर पुढे पाठवताना ‘पहिला सिनेमा’ खोडून ‘पहिला कथापट’ लिहा. दादासाहेब तोरण्यांच्या 1912च्या ‘श्री पुंडलिक’ या चित्रपटाचे समर्थक त्यावरही हरकत घेतील, पण तो वाद तरी खऱ्या मुद्द्यावर होईल.