पहिला फेटा कुणाला?

कडकनाथच्या दोन तलंगा पिशवीत घालून मी दारात उभा राहिलो, तेव्हा आईनं पिशवीत डोकावलंही नाही. माझ्याकडं बघत विचारलं, "किती गुतवलंस?"

तिचं चुकलं नाही. 2019 साली आमच्या सांगली जिल्ह्यात या काळ्या कोंबडीच्या नादानं भल्याभल्यांचे पैसे बुडाले. तासगावकडं आजही कडकनाथ म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो. "अगं, बाजारातनं आणल्यात. दोनच," म्हटल्यावर तिनं आत घेतलं. मला म्हणजे. कोंबड्यांना अजून महिना होता.

कारण परड्यात आधीच्या पाच गावरान होत्या, आणि नवीन कोंबडी निदान तीन-चार आठवडे लांब ठेवायची असते. बाहेरनं मानमोडीचा रोग शिरला तर खुराडं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दोघींचा मुक्काम गोठ्यामागं. त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं, दाण्याचं वेगळं, तिकडं जायची माझी चप्पलही वेगळी. ती चप्पल बघून बायको म्हणाली, "दिवाळीत मला ताप होता, तेव्हा काढ्याचा कपसुद्धा मीच विसळत होते हो."

या काळात गल्ली येऊन बघून गेली. कातडी काळी, मांस काळं, जीभसुद्धा काळी, हे ऐकून शेजारचे तात्या खूश झाले. अंडं मात्र काळं नसतं म्हटल्यावर "मग काय उपेग?" म्हणून उठले.

पुढचा आठवडा मध्ये जाळी. एकमेकींना बघायचं, टोचायचं नाही. आमची तांबडी, म्हणजे खुराड्याची मालकीण, जाळीपलीकडं अशा फेऱ्या मारायची जसा मतमोजणीच्या दिवशी उमेदवार.

मग रात्रीचा बेत. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, तेव्हा नव्या कोंबड्या गुपचूप दांडीवर बसवायच्या, सकाळी सगळ्यांना वाटतं या इथल्याच. मी साडेनऊला बॅटरी न लावता आत वाकलो आणि दोघींना चाचपत दांडीवर ठेवलं. पण एसटीत रुमाल टाकून धरावी तशी त्या दांडीवरची जागा न् जागा धरलेली असते. मी एका काळीला नेमकं तांबडीच्या बाजूला बसवलं होतं. बेत सांगणाऱ्यानं सकाळी उजाडतं, हे हिशेबात धरलं नव्हतं.

सहाला कालवा झाला. गंमत अशी की तांबडीनं दोघींना एकेक टोच दिली आणि ती उकिरड्याकडं निघून गेली. खरी पेटली होती लंगडी. आजवर चौघींचा मार खाणारी, दाणे सगळ्यात शेवटी टिपणारी लंगडी! तिला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याखाली कुणीतरी मिळालं होतं. एका पायावर उड्या मारत ती दोघींच्या मागं परडंभर धावत होती.

कुणी कुणाला टोचायचं याची कोंबड्यांत उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञानं लहानपणापासून टिपणं काढून शोधलं आणि 1921 साली प्रबंधात मांडलं. भावकीतल्या लग्नात पहिला फेटा कुणाला, दुसरा कुणाला, आणि तिसरा फेटा मिळालेला काका जेवताना गप्प का, एवढं त्याला एखाद्या मांडवात बसून दिसलं असतं. वर्षं वाचली असती.

एकीच्या मानेतून रक्त आलं. लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात, म्हणून तिला लगेच बाजूला काढलं. घरात हळदीची कमी नाही, आमच्या जिल्ह्याचं नावच त्यावर चालतं. मी चिमूटभर लावायला गेलो, आईनं मूठभर थापली. दुसरी रुसू नये म्हणून तिलाही लावली. दोन काळ्या कोंबड्या पिवळ्या मानांनी डालग्याखाली बसल्या. तात्या कुंपणावरनं म्हणाले, "मुहूर्त कितीचा?"

जखम सुकल्यावर पुन्हा सोडल्या. आता दाण्याच्या चार पाट्या चार कोपऱ्यांत ठेवल्या, म्हणजे एका पाटीवरनं हाकललं तरी दुसरी असते. मेथीची जुडी उंच टांगली, उड्या मारण्यात भांडण विसरतात. शिवाय थोडा डागी बेदाणा. बेदाण्यापुढं लंगडीसुद्धा सूड बाजूला ठेवते. बारा-पंधरा दिवसांत काळ्या दांडीच्या टोकाला बसायला लागल्या. लंगडी त्यांच्या अलीकडं, मान ताठ करून.

पुढं दोघी अंड्यावर आल्या. कडकनाथ अंडं घालते, पण उबवायला बसायचं तिच्या फारसं मनात नसतं. दोघी तांबडीच्याच पाटीत अंडी घालून चालू लागायच्या. त्यात तांबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. परवा अंडी काढायला हात घातला, तर तिनं मनगटावर अशी टोच मारली की रक्तच आलं.

आई हळदीचा डबा घेऊन आली. "हात घालू नगंस," म्हणाली. "खाली काळीचीबी हैत. तिला ठावं हाय."