"पेशंटशी बोलणं शिकवून येत नाही" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

हा मेसेज माझ्याकडे आधी दोन-तीन ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिला. काल भाचीने पाठवला. ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि खाली लिहिलं होतं, "मावशी, अगदी पटलं, आमच्या बॅचमधे सगळ्यांनी स्टेटसला ठेवलाय." उद्या ओपीडीत बसणारी मुलंच हे वाचून माना डोलवायला लागली असतील तर मला गप्प बसवत नाही. मी फिजिशियन आहे, याच मुलांना शिकवते, त्यामुळे थोडं चिडूनच लिहितेय.

मेसेज "तीस वर्षं अनुभव असलेल्या एका सर्जन"चा म्हणून फिरतोय, नाव कुठेच नाही. म्हणणं असं की मेडिकलच्या मुलांना पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवणं म्हणजे वेळेची नासाडी, आणि त्याला सहा कारणं. बोलणं उपजत असतं. नसेल तर अनुभवाने आपोआप येतं. पेशंटला बोलू दिलं तर ओपीडी कधी संपणारच नाही. निदान रिपोर्टवरून होतं, गप्पांवरून नाही. खोटे पेशंट, म्हणजे पेशंटचं सोंग घेतलेली माणसं, बसवून शिकवणं ही नाटकाची तालीम आहे. आणि शेवटचं, अमेरिकेनेसुद्धा पेशंटशी बोलण्याची परीक्षा बंद केली.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. "पेशंटला एकदा बोलू दिलं की अर्धा तास थांबत नाही" हे मी विद्यार्थी असल्यापासून ऐकत आलेय, आणि हे सांगणाऱ्यांपैकी कुणीही कधी घड्याळ लावून बघितलेलं नसतं. ज्यांनी लावलं त्यांना काय दिसलं ते सांगते. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या ओपीडीत हा अभ्यास झाला, 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला. डॉक्टरांना आधी ऐकून कसं घ्यायचं त्याचं ट्रेनिंग दिलं होतं. मग त्यांना सांगितलं की पेशंट सुरुवातीला आपलं दुखणं सांगायला लागला की मधे बोलायचं नाही, तो स्वतःच "मग डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?" अशा ठिकाणी येऊन थांबेपर्यंत वाट बघायची. वेळ मोजली जातेय हे पेशंटला माहीत नव्हतं. असे 335 पेशंट झाले. सरासरी किती वेळ बोलले? 92 सेकंद. दीड मिनिट फक्त. 78 टक्के लोकांचं दोन मिनिटांच्या आत सांगून झालं होतं. पाच मिनिटांच्या वर गेलेले सगळे मिळून 7 जण, आणि त्या सातही जणांबद्दल डॉक्टरांनी सांगितलं की ते जे बोलत होते ते महत्त्वाचं होतं. हे काही सर्दी-खोकल्याचे पेशंट नव्हते, मोठ्या रेफरल हॉस्पिटलला येणारे, चार ठिकाणी दाखवून आलेले, ज्यांची हिस्ट्री, म्हणजे दुखण्याची आधीपासूनची सगळी हकीकत, लांबलचकच असते असे होते.

आता दुसरी बाजू बघा. 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी अमेरिकेत डॉक्टर-पेशंटच्या 74 भेटींचं रेकॉर्डिंग तपासलं. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला तोडत होते. म्हणजे जे दीड मिनिटात संपलं असतं ते आपण अठराव्या सेकंदाला कापतो आणि वर म्हणतो पेशंट फार बोलतात.

आणि कापल्याने वेळ वाचतो हेही खरं नाही. बाई येतात, म्हणतात डोकं दुखतंय. डॉक्टर लगेच सुरू होतो, किती दिवस, कुठल्या बाजूला, उलटी होते का, डोळ्यांसमोर अंधारी येते का. सगळं विचारून झालं, तपासलं, गोळ्या लिहिल्या, बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं, मधे मधे हात बधिर होतो, त्याचं काही नाही ना?" झालं, परत बसवा, परत सगळं पहिल्यापासून. हे बधिर होणं त्यांना आधीच सांगायचं होतं, त्याच्यासाठीच त्या आल्या होत्या, पण पहिल्या वाक्यानंतर त्यांना जागाच मिळाली नाही. असं दारातलं वाक्य न ऐकलेला एकही डॉक्टर मला भेटलेला नाही. आणि जे पेशंट मागे वळत नाहीत, तसेच घरी जातात, त्यांचं काय होतं ते आपल्याला कळतही नाही.

ओपीडीबाहेर रांग असते, डॉक्टर कमी पडतात, हे मला मान्य आहे, मी तिथेच बसते. पण म्हणूनच तर सुरुवातीचं दीड मिनिट नीट वापरायला शिकवायचं.

उपजत असतं म्हणे. काही जणांना जात्याच जमतं, हो. काहींचा हात सर्जरीतही जात्याच चांगला असतो, म्हणून बाकीच्यांना टाके घालायला शिकवायचं बंद करतो का आपण? शिकवतो काय ते तरी बघा. वाईट बातमी सांगण्यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरांनी 2000 साली सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली, स्पाइक्स म्हणतात तिला. आधी जागा बघा, दार बंद करा, बसून बोला. मग पेशंटला आत्तापर्यंत काय कळलंय ते विचारा. मग त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारा. त्यानंतर बातमी, साध्या शब्दांत, थोडी थोडी. मग त्याच्या भावनेला जागा द्या, आणि शेवटी पुढे काय करायचं ते ठरवा. यात जन्मजात काय लागतं? दार बंद करायला आणि खुर्ची ओढून बसायला तर नाहीच लागत. कॉरिडॉरमधे उभ्या उभ्या "गाठ कॅन्सरची आहे, पुढच्या आठवड्यात या" असं सांगून पुढे जाणारे डॉक्टर मी बघितलेत. दुष्ट नव्हते ते, त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

अनुभवाने येतं, हा त्याहून फसवा मुद्दा. अनुभवाने सवय पक्की होते, चांगली असो की वाईट. अठराव्या सेकंदाला तोडणारा डॉक्टर तीस वर्षांनीही तोडतो, फक्त जास्त आत्मविश्वासाने. ब्रिटनमधल्या 160 कॅन्सर डॉक्टरांवरचा एक अभ्यास, तोही 2002 चाच, लॅन्सेटमधला. हे सगळे रोज असेच पेशंट बघणारे, म्हणजे अनुभव भरपूर. ज्यांना तीन दिवसांचा संवादाचा कोर्स दिला त्यांचं बोलणं बाकीच्यांपेक्षा स्पष्ट सुधारलेलं दिसलं. नुसत्या अनुभवाने काम होत असतं तर हा फरक दिसलाच नसता. आणि विद्यार्थ्यांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधे मुलांची सहानुभूती वर्षागणिक मोजली, तर ती तिसऱ्या वर्षात घसरली. तिसरं वर्ष म्हणजे तिथे मुलं वॉर्डात जायला लागतात, खरे पेशंट हाताळायला लागतात ते वर्ष. वॉर्डात सोडलं की आपोआप शिकतील म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

रिपोर्टवाल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. 1975 साली 80 नव्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात 66 जणांचं निदान रेफरलची चिठ्ठी आणि हिस्ट्री एवढ्यावरच बरोबर निघालं होतं. जुना आहे, एमआरआयच्या आधीचा आहे, ठीक. पण कुठला रिपोर्ट काढायचा हे आजही हिस्ट्रीवरूनच ठरतं ना?

आता नाटक. इथे मेसेजवाल्याला थोडं देणं भाग आहे. बऱ्याच ठिकाणी हा विषय हॉलमधे दोनशे मुलं बसवून स्लाइड दाखवून उरकतात, आणि मुलं "मी तुमची परिस्थिती समजू शकतो" एवढं एक वाक्य पाठ करून जातात, ते पेशंटसमोर म्हणतात तेव्हा खरंच ऐकवत नाही. पण हा दोष उरकून टाकण्याचा आहे. खोटा पेशंट ही कल्पना 1963 ची, हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरोलॉजिस्टने लॉस एंजेलिसमधे सुरू केलेली, आणि नीट वापरली तर काय होतं ते मी दर बॅचला बघते. पेशंट झालेल्या बाईंना एक कार्ड दिलेलं असतं. त्यावर लिहिलेलं असतं: पोटात जळजळ, दोन महिने. आणि खाली: आई पोटाच्या कॅन्सरने गेली, तीच भीती मनात आहे, पण कुणी मोकळेपणाने विचारलं तरच सांगायचं. मुलगा आत जातो, भराभर प्रश्न विचारतो. जेवणाआधी होतं की नंतर, तिखटाने वाढतं का, वजन कमी झालंय का. घरात कुणाला डायबिटीस, बीपी? नाही. संपलं, "ॲसिडिटी आहे, गोळी देतो." बाहेर आला की मी ते कार्ड त्याच्या हातात देते. खालची ओळ वाचताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग तो परत आत जातो, आणि या वेळी आधी विचारतो, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे होत असेल?" आणि थांबतो. बाई सांगतात. पहिल्या वेळेपेक्षा वेळही फार जास्त लागत नाही. आयव्ही लावायला आधी डमी हात देतो तेव्हा कुणी त्याला नाटक म्हणत नाही, कारण पहिली चूक खऱ्या हातावर व्हायला नको हे सगळ्यांना पटतं. कॅन्सरच्या भीतीने आलेल्या बाईला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवायची पहिली चूक खऱ्या बाईवर का व्हावी?

राहिली अमेरिका. अर्धं खरं आहे. तिथे डॉक्टरकीचं लायसन्स मिळवायला द्याव्या लागणाऱ्या परीक्षांपैकी स्टेप 2 सीएस नावाची एक परीक्षा होती, तिच्यात खोटे पेशंट तपासून त्यांच्याशी बोलावं लागायचं. 2020 मधे कोविडमुळे थांबवली आणि जानेवारी 2021 मधे परत सुरू करणार नाही असं जाहीर केलं. तिची फी आणि मोजक्याच शहरांत जाऊन ती द्यावी लागायची याबद्दल मुलांच्या तक्रारी आधीपासून होत्या. पण बंद झाली ती एक परीक्षा. शिकवणं बंद झालं असं मेसेज सुचवतो ते साफ खोटं आहे, तिथल्या मेडिकल कॉलेजांना मान्यता देणारी जी संस्था आहे तिच्या निकषांमधे पेशंटशी आणि त्याच्या घरच्यांशी कसं बोलायचं याचं शिक्षण आजही सक्तीचं आहे.