चिंगीचा खोकला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. तुमचं म्हणणं असं, की माझ्या कुत्रीला, चिंगीला, खोकला दाबणारं औषध देऊन मी आजार झाकून ठेवतेय, बिचारी गुंगीत पडून राहत असणार, आणि एकदाचा तिच्या श्वासनलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी धरणारी जाळीदार नळी, बसवला असता तर ही कटकट कायमची मिटली असती.

खोकला दाबू नये, कफ सुटू द्यावा, हे न्यूमोनियात अगदी बरोबर. पण चिंगीच्या छातीत कफ नाहीच. तिची श्वासनलिका खचते. ही नलिका उघडी राहते ती कूर्चेच्या अर्धवट कड्यांमुळे. कड्यांची पाठीकडची बाजू मोकळी असते, तिथे नुसता पडदा. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा लहान चणीच्या कुत्र्यांत ही कूर्चा मऊ पडू शकते. मग कड्या चपट्या होतात आणि पडदा आत लोंबायला लागतो. तो समोरच्या भिंतीला घासला की खोकला येतो, खोकल्याने अस्तर सुजतं, सुजलं की आणखी खोकला. या खोकल्यातून बाहेर काहीच पडत नाही, नळी मात्र आतून सोलवटते. म्हणून तो थांबवणं हाच इथे उपचाराचा मोठा भाग आहे.

गुंगीचं म्हणाल तर सुरुवातीला ती झोपाळली होती, डॉक्टरांनी मात्रा कमी केली. आता दारावरची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी तीच दारात! आणि तिथेच घोळ होतो. भुंकता भुंकता मान पुढे ताणते, कोपरं बाहेर फाकवते आणि तो बदकासारखा कोरडा आवाज सुरू होतो. शेवटी उमासा आल्यासारखं करून थोडा पांढरा फेस टाकते, की पुन्हा शेपटी हलवत दाराकडे. अखेर आम्ही बेलच बंद केली. आल्यागेल्याने फोन करावा. पाहुण्यांना राग येतो, येवो.

आता स्टेंट. नायटिनॉल या मिश्रधातूची ती जाळीदार नळी तोंडावाटे आत सोडतात आणि ती जागेवर उलगडते. वाट जवळपास पूर्ण मिटलीय, औषधांनी श्वास भागत नाही, अशा वेळी ती जीव वाचवते, यात वादच नाही. चिंगीची नळी खचण्याच्या दुसऱ्या ग्रेडवर आहे, म्हणजे साधारण निम्मी वाट शाबूत. शिवाय स्टेंटने खोकला जातोच असं नाही. बऱ्याच कुत्र्यांना औषधं पुढेही लागतात, आणि खोकून खोकून जाळी तुटू शकते, टोकांशी मांस वाढून वाट अडू शकते. म्हणजे ज्या औषधावर तुमचा राग आहे, ते स्टेंटनंतर जास्तच निगुतीने द्यावं लागेल.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक पडला तो तिचं वजन उतरवल्यामुळे. घरात सगळ्यात जास्त भांडणंही त्यावरूनच झाली, कारण जेवताना ती अशी काही बघते की घास घशाखाली उतरत नाही. पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस, घरात धूर आणि अत्तराचे फवारे बंद, उन्हात फिरणं बंद. कुत्रं धापा टाकूनच अंग गार करतं, आणि खचलेल्या नळीला नेमकं तेच झेपत नाही.

औषधामुळे आतला बिघाड कळणार नाही, ही तुमची शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच ती गाढ झोपली की श्वास मोजते. मिनिटाला 30च्या वर राहायला लागले की फोन करायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय, कारण वयस्कर लहान कुत्र्यांत हृदयाचं दुखणंही याच खोकल्याआड दडून बसतं. हिरड्या निळसर दिसल्या किंवा ती कोसळली, तर फोनही न करता थेट दवाखाना.

तुमचा पग रात्री ठसकतो, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आवाजासकट. दवाखान्यात गेल्यावर ही मंडळी हमखास गप्प बसतात. आणि तोवर माणसांचं खोकल्याचं सिरप त्याला अजिबात देऊ नका, त्यातलं पॅरासिटामॉल किंवा गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.