थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी काहून फाटते : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की पुंगळी (काडतुसाची पितळी नळी) बुडाजवळ फाटते ती फक्त दारू, म्हणजे बारूद, जास्त भरल्यानं, मी उगाच रायफलवर खापर फोडलं, आणि बाहेरदेशी लोक फौजी पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरतात, मग एवढं भेव कायचं. भरतात ना बाप्पा, पण कोणत्या अन् कशा ते तर पाहा.

थ्री-नॉट-थ्रीचं, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या फौजी .३०३ रायफलीचं, काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागची काडतुसाची जागा) अडतं ते बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, खांद्यावर (पुंगळी मानेकडं निमुळती होते तिथं) नाही. आणि ली-एनफिल्डचं, म्हणजे त्याच रायफलीचं, चेंबर मुद्दाम ढिलं ठेवलेलं, चिखलानं माखलेलं काडतूसही आत गेलं पाहिजे म्हणून. वरून बोल्टचे (चेंबर मागून बंद करणारा दांडा) लग, म्हणजे अडकवणारे खुंट, मागच्या अंगाला, बार उडाला की बोल्ट किंचित दबतो. मग होतं काय, पुंगळीचं पुढचं अंग दाबानं चेंबरला चिकटतं, बूड मागं सरकतं आणि बुडाच्या जरासं वर पितळ ताणून पातळ होतं. दर वेळी पुंगळी पूर्ण साइझ करून (साच्यात दाबून पुन्हा मापात आणून) खांदा मागं ढकलला की पुढच्या बाराला पुन्हा तोच ताण, दारू मापात असली तरी! म्हणून तिकडचे जाणकार नुसती मान साइझ करतात आणि ती पुंगळी त्याच रायफलीसाठी वेगळी ठेवतात. जास्त दारू वाईटच, ते मी कुठं नाकारलं?

आता फौजी पुंगळीचं. १९१० चं मार्क सेव्हन काडतूस, १७४ ग्रेनची टोकदार गोळी, वेग सेकंदाला २४४० फुटांच्या आसपास. त्यात कॉर्डाइटच्या, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या, काड्या असायच्या, अन् त्या आधी घालून मग पुंगळीची मान आवळत, म्हणजे तो माल घरी तसाच परत भरायचा प्रश्नच नाही. प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) बर्डन जातीचा, बुडाला दोन बारीक भोकं, साध्या पिननं जुना प्रायमर निघत नाही. (गंमत म्हणजे हा प्रायमर काढणारा बर्डन अमेरिकेचा अन् एका भोकाचा काढणारा बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालतो बॉक्सर.) त्या जुन्या प्रायमरचं मीठ नळीत राहतं, ते तेलानं जात नाही, पाण्यानंच धुवावं लागतं, नाहीतर आपल्या पावसाळ्यात नळीला गंज चढलाच समजा.

आणि राजेहो, हे सगळं समजून घ्यायला. आपल्याकडं काडतूस भरणं म्हणजे ॲम्युनिशन तयार करणं, १९५९ चा आर्म्स ॲक्ट लागतो, बंदुकीचं लायसन्स आहे म्हणून घरी भरता येत नाही. गावाकडं लायसन्सवर दिसते ती .३१५ रायफल, तिचं काडतूसही रिमवालंच, पण वेगळं, थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.