आयर्न मॅन, नाव घ्या!

स्टीलचा डबा होता. झाकणाला क्लिपा, दोन किलो साखर सहज मावेल एवढा. परवाच्या कोजागरीला आमच्या गच्चीवर ‘धून ओळखा’चं बक्षीस म्हणून तो टेबलावर ठेवला होता आणि नैतिकदृष्ट्या माझा होता. आता तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर आहे. त्यात रवा आहे, असं कळलं.

खेळ सोपा. चिठ्ठी उचलायची, तिच्यावरच्या नायकाची धून गुणगुणायची, शब्द तोंडातून काढायचे नाहीत, मिनिटभरात आपल्या गटाने ओळखायची. यंदा पोरांच्या हट्टापायी विषय सुपरहिरो. मी मनातल्या मनात डबा घासूनही ठेवला होता. सुपरहिरोपटांच्या पार्श्वसंगीतावर मी कुणालाही, कुणी न विचारता, अर्धा तास ऐकवू शकतो. लोक मला जिन्यात टाळतात ते त्यासाठीच. चिठ्ठी उघडली. आयर्न मॅन.

पहिली वीस सेकंदं ‘कुठला?’ यातच गेली. 2008 च्या पहिल्या चित्रपटाचं संगीत रामिन जवादीचं, इलेक्ट्रिक गिटारवर उभं केलेलं. 2010 च्या दुसऱ्याला जॉन डेबनी आला. 2013 च्या तिसऱ्याला ब्रायन टायलर आला, त्याने पितळी वाद्यांची चांगली भारदस्त धून बांधली, आणि मग चौथा भागच निघाला नाही. नट तोच, नाव तेच, धून दरवेळी नवी. थॉरची कथा निराळी नाही: 2011 ला पॅट्रिक डॉइल, 2013 ला टायलर, 2017 ला मार्क मदर्सबॉ. दर दोन-तीन वर्षांनी गल्लीचं नाव बदलायचं आणि मग रिक्षावाल्याला पत्ता सापडत नाही म्हणून त्याच्यावर डाफरायचं, त्यातली गत.

शेवटी मी जवादीची गिटार तोंडाने वाजवली. गट ओरडला, “पाण्याची मोटर!” मग “मिक्सर!” एका चिमुरडीने “बी विंगचं ड्रिल” असं इतक्या खात्रीने सांगितलं की मलाच क्षणभर पटलं. वेळ संपली.

पुढची चिठ्ठी काकूंची. शक्तिमान. काकूंनी दुधाचा पेला खाली ठेवला, मिटल्या तोंडाने तीन-चार सूर काढले, आणि 1997 साली जन्मालाही न आलेल्या पोरांसकट अख्खी गच्ची त्याचं नाव घेत उठली. काकूंनी पेला पुन्हा उचलला तेव्हा साय धरायची होती.

मी परीक्षकांकडे दाद मागितली. परीक्षक म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे अप्पा. ते पेटी शिकवतात आणि दर कोजागरीला ती चार जिने चढवून गच्चीवर आणतात. दूध पिऊन झालं की कुणीतरी नाट्यगीताचा आग्रह करील, अशी त्यांना आशा असते. कुणी करत नाही. माझी तक्रार हाच आग्रह समजून त्यांनी भाता सोडला.

“आयर्न मॅनला धड एक धूनच नाही, अप्पा. चिठ्ठी अन्यायाची आहे.”

“मग दुसऱ्या कुणाची घे. तू स्वर सांग, मी वाजवतो. लोकांनी ओळखलं तर डबा तुझा.”

मी 2005 चा बॅटमॅन काढला. हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड, दोघेही मातब्बर, दोघांनी मिळून केलेलं काम.

“सा,” मी म्हणालो. अप्पांनी काळी एक दाबली. “आता कोमल गंधार. लांब धरा.”

अप्पांनी धरला. भाता हलत राहिला. चंद्र बराच वर आला.

“पुढे?”

“झालं.”

“झालं म्हणजे?”

“दोनच सूर आहेत.”

“अंतरा?”

“नाही.”

“दोघांनी मिळून केलंय म्हणालास ना?”

“हो.”

“म्हणजे माणशी एक सूर.” अप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “बरा धंदा आहे.”

मी समजावू लागलो की तो नायक आतून अपुरा आहे, म्हणून त्याची धूनही अपुरी. अप्पा म्हणाले, आमच्या क्लासातही पुष्कळ पोरं आतून अपुरी आहेत, पण फी भरतात तर त्यांना पूर्ण सरगम देतो. मी घाईने बॅटमॅनच्या वैऱ्याकडे, 2008 च्या जोकरकडे वळलो. हीच माझी चूक झाली.

“याचे किती?”

“जवळजवळ एकच. चेलोवर. तारेवर ब्लेड ओढावं तसा ताणत ताणत नेलेला.”

“एक,” अप्पा गच्चीकडे वळून म्हणाले, साक्षीदार गोळा करावेत तसे. “अरे, तंबोऱ्यालासुद्धा चार तारा असतात.”

आता प्रश्न डब्याचा उरला नव्हता. मी 2016 मधली वंडर वुमन काढली. झिमर आणि जंकी एक्सएलची धून, टीना ग्वोच्या इलेक्ट्रिक चेलोवर किंचाळत येते, आणि सात मात्रांत आहे. ‘सात’ ऐकताच अप्पा फुलले. “रूपक!” म्हणून त्यांनी मांडीवर ती-ती-ना धरला. मी तोंडाने चेलो झालो. पहिल्या आवर्तनातच आमचं फाटलं. रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर येते, पहिली मात्रा हलकेच सोडून द्यायची असते. आणि ही बाई पहिल्याच मात्रेला तलवार घालते. अप्पांनी दोनदा प्रयत्न केला आणि निकाल दिला: “समेवर येता येत नाही तिला. रियाज कमी आहे.”

पुरावा म्हणून मी फोनवर मूळ धून लावली. आजवर फोनवर पार्श्वसंगीत ऐकवून कुणाचं मत बदललेलं नाही, हे माहीत असून लावली. चेलोची सगळ्यात खालची तार सुमारे 65 हर्ट्झला वाजते, डबल बासची 41 ला. फोनच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरला त्या पट्टीत दमच नसतो. झिमरचं अर्धं घर त्या तळमजल्यावर आहे. वर उरतो तो नुसता पत्रा. “माशी आहे का रे आत?” अप्पांनी फोन झटकून परत दिला.

राहता राहिलं ब्रह्मास्त्र. 1989 चा बॅटमॅन, डॅनी एल्फमन. सा, रे, कोमल ग, कोमल ध, प. पाच सूर. गंधारावरून एकदम धैवतावर उडी आणि तिथून अर्ध्या पायरीने पंचमावर उतरणं. अंधाऱ्या जिन्यात पाय चुकावा आणि कठडा हाताला लागावा, असं ते आहे. अप्पांनी वाजवलं आणि थबकले. परत वाजवलं. डोळे मिटले.

“कीरवाणी,” ते पुटपुटले.

“आसावरीही असेल,” मी म्हणालो. “निषाद लागल्याशिवाय कसं कळणार?”

पण अप्पा गेले होते. त्यांनी धैवतावर मुरकी घेतली, पंचमावर बसले, मंद्रात उतरले, तिथून कुणाच्या तरी आठवणीने परत वर आले. मिनिट केव्हाच संपलं होतं. कोपऱ्यातून एक आजोबा “भैरवी, भैरवी, वा!” म्हणाले. त्याबरोबर कार्यक्रम संपला असं समजून लोकांनी चटया गुंडाळल्या. बॅटमॅन कुणीही ओळखला नाही.

डबा काकूंना देताना अप्पांनी निकालपत्रही वाचलं. “काकूंची चाल नाव घेते. तुझा तो लोखंडी नुसता दारात उभा. आत यायचं तर उखाणा नको?”

हे चारचौघांत बोलायची गरज नव्हती.

मग रात्रभर मनात जे उत्तर जुळवलं ते इथे देतो, कारण जिन्यात कुणी थांबत नाही.

धुना लिहिता येत नाहीत म्हणून सुपरहिरोपटांचं संगीत विसरलं जातं, असं नाही. लिहिणारे तेच कसलेले लोक आहेत. घोळ आधी होतो. संकलक कच्ची जोडणी करताना दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं चिकटवतो, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. दिग्दर्शक ती जोडणी महिनोन्‌महिने पाहतो आणि त्या उसन्या संगीताच्या प्रेमात पडतो. मग खऱ्या संगीतकाराला बोलावून सांगतात, “अगदी असंच हवं, फक्त हे नको.” वकिलाला चालेल एवढा फरक ठेवून बिचारा नक्कल करतो. पुढच्या वर्षी त्याची नक्कल दुसऱ्या कुणाचा तरी टेम्प ट्रॅक होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की शेवटी फक्त काळी कडा उरते. इथे ती कडा म्हणजे खालच्या पट्टीतली घुईघुई तंतुवाद्यं आणि मोठा ढोल.

दुसरं दुखणं कात्रीचं. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली तर एक ठोका 12 चौकटींचा, चार ठोक्यांचं आवर्तन 48 चौकटींचं, म्हणजे 2 सेकंद. चार आवर्तनांची ऐटदार धून 8 सेकंद खाते. आता संगणकावरची स्फोटाची दृश्यं येतात अगदी शेवटी, संगीत ध्वनिमुद्रित झाल्यावरसुद्धा, आणि कुणीतरी म्हणतं, इमारत पडायला दीड सेकंद जास्त घेतेय, काढा. दीड सेकंद म्हणजे 36 चौकटी, म्हणजे बरोबर तीन ठोके. धुनेतून तीन ठोके काढून बघा. सांगता सांगता दात पडल्यासारखं होतं. पण ऑस्टिनाटो, म्हणजे एकच तुकडा गिरवत राहणं, त्यातून तीन ठोके काय, तीन आवर्तनं काढली तरी कुणाला पत्ता लागत नाही. शेव कुठेही मोडा, शेवच राहते. करंजी मोडली की सारण सांडतं. ज्या स्वयंपाकघरात सारखी मोडतोड चालते तिथला आचारी शेवच पाडायला शिकतो, यात त्याचा काय दोष?

एवढ्यातूनही एखादी करंजी अखंड निघालीच, तर ती मिक्सिंगच्या खोलीत जाते. संवाद मधल्या स्पीकरला आणि त्यांना हात लावायचा नाही. स्फोट सगळीकडे, आणि त्यांच्यावर तर पैसा खर्च झालेला. दबायचं कुणी? चित्रपटगृहात आवाजाच्या यंत्रावर 7 हा आकडा प्रमाण मानतात, मिक्सिंग त्या हिशेबाने होतं. प्रेक्षकांच्या कानात बोटं गेली की चालक तो 5 वर आणतो. आधीच तळाशी बसलेली धून तिथेच निजते.

ती पुरी, मोकळी, न कापता वाजते कुठे, तर शेवटच्या श्रेयनामावलीत. त्या वेळी दिवे लागलेले असतात, झाडूवाले शिरलेले असतात, आणि बसून राहिलेले लोक पुढच्या भागाच्या चाहुलीचा तुकडा येईपर्यंत पार्किंगचं कार्ड शोधत असतात. 1978 च्या सुपरमॅनमध्ये हाच मजकूर सुरुवातीला होता. निळी अक्षरं झेपावत येतात, कित्येक मिनिटं बाकी काही घडतच नाही, आणि जॉन विल्यम्सचा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा षड्जावरून पंचमावर झेप घेऊन तुम्हाला खुर्चीत बसवतो. कापायला दृश्यच नाही, दाबायला स्फोट नाही. ती धून पुन्हा पुन्हा वाजते. 2006 ला जॉन ऑटमनने तीच वापरली, 2025 च्या सुपरमॅनमध्येही ती आहे. अ‍ॅव्हेंजर्सच्या ज्या धुनेला थिएटरात आजही शिट्ट्या पडतात, तीही अशीच टिकली: अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीने 2012 ला बांधली, 2015 च्या भागाला टायलर आणि एल्फमन आले तरी ती ठेवली, 2018 आणि 2019 ला सिल्व्हेस्ट्री परत आला. चारही भागांत एकच पत्ता. एकदा तरी रिक्षा दारात आली.

आणि इथेच माझं उत्तर अडलं, ही खरी चीड आहे. कारण त्या सुपरमॅनच्या धुनेत शेवटी तीन सूर असे येतात की शब्द नसताना ‘सु-पर-मॅन’ ऐकू येतं. म्हणजे नाव घेते. 2018 च्या ब्लॅक पँथरसाठी लुडविग गोरान्सन सेनेगलला गेला, गायक बाबा मालबरोबर फिरला, आणि तिथला बोलका ढोल घेऊन आला. डमरूच्या आकाराचा, काखेत धरायचा, दोऱ्या आवळल्या की सूर चढतो. त्या ढोलावर नायकाचं, राजा त्चाल्लाचं, नाव वाजतं. 2019 ला ऑस्कर मिळालं. तोही नाव घेतो. एवढंच काय, आयर्न मॅनचं नाव घेणारं एक गाणं आहेच, ब्लॅक सबाथचं, 1970 चं. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी वाजतंसुद्धा. कसलीही गिटारीची मोटर न करता मी तेच गुणगुणायला हवं होतं. ते मला तिसऱ्या दिवशी, दाढी करताना आठवलं.

अप्पा बरोबर होते हे मी त्यांना सांगणार नाही. सांगायची सोयही राहिलेली नाही. रोज सकाळी साडेसहाला खालून पेटीवर बॅटमॅन सुरू होतो. सा, रे, कोमल ग, कोमल ध, प, आणि पुढे विस्तार. क्लासातल्या पोरांनाही तो गिरवायला दिलाय. काल लिफ्टमध्ये अप्पांनी मला गाठलं. हातात वही होती.

“त्या वटवाघळाचा निषाद कुठला रे? शुद्ध की कोमल?”

“अप्पा, त्या पाच सुरांत निषाद येतच नाही.”

“येत नाही कसा? मी लावलाय,” असं म्हणून ते दुसऱ्या मजल्यावर उतरले. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली. काकू आत आल्या, आणि त्या शक्तिमान गुणगुणत होत्या.