बादली भरली असेल, नळ बंद कर

आज दादाकडे सत्यनारायण होता. घरी येऊन साडीसुद्धा न बदलता लिहायला बसलेय, कारण डोकं अजून तापलेलंच आहे.

झालं असं की पूजा आटपली, आरती झाली, पानं मांडायला वेळ होता, आणि माझा भाचा, नववीतला, आतल्या खोलीत भिंतीला टेकून इअरफोन घालून मोबाईल बघत बसला होता. काय बघतोय ते मला माहीत होतं कारण मीच सुचवलेलं. युअर लाय इन एप्रिल ही जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे चित्रांची मालिका, तिचा बाविसावा म्हणजे शेवटचा एपिसोड. मी मुद्दाम त्या खोलीत गेले नाही, म्हटलं बघू दे त्याला एकट्याला. पण आमचे एक चुलतकाका चार्जर शोधत आत गेले आणि बाहेर आले ते त्याचा मोबाईल हातात घेऊनच. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं. "हे बघा, चिरंजीव कार्टून बघून रडतायत! मुलगी आहेस का रे?" सगळे हसले. वहिनी हसली, दादा हसला, ज्यांना काय चाललंय तेही कळलं नव्हतं ते पण हसले. पोरगं एक शब्द बोललं नाही. उठलं, बाथरूममध्ये गेलं, कडी लावली आणि नळ सोडला.

तो नळाचा आवाज मला कळतो.

माझी आई गेली ऑगस्ट २००९ मध्ये, मी अकरावीत होते. तिसऱ्या दिवशी मावशीने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "बाबांसमोर रडू नकोस हं, ते खचतील." मी नाही रडले. पण कुठेतरी रडायला लागतंच ना माणसाला. आमच्याकडे तेव्हा पाणी सकाळी सहा ते सात यायचं, त्यामुळे नळाचा आवाज मिळायचा तो तेवढाच एक तास, म्हणून माझं रडणंही सहा ते सात. आणि रिकाम्या बादलीत धार पडते तेव्हाच आवाज मोठा असतो, बादली भरत आली की तो बसत जातो, म्हणजे काय ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत उरकायचं. पुढे मला थांबता यायचं नाही, आणि बाहेरून बाबा दार वाजवायचे. "बादली भरली असेल गं, नळ बंद कर." रोज. जवळजवळ वर्षभर. मला वाटायचं या माणसाची बायको गेलीय आणि याला पाण्याची पडलीय.

आता क्लॅनाडवर येते, तीही अशीच एक जपानी अ‍ॅनिमे मालिका. (ज्यांना बघायचीय त्यांनी पुढे वाचू नका, सगळं सांगणार आहे.)

२०१४ ला पुण्यात पीजीमध्ये असताना रूममेटच्या हार्ड डिस्कवर मिळाली. पहिला सीझन बघताना मी दोनदा सोडून दिली होती, खरं सांगते. बशीएवढ्या डोळ्यांच्या शाळकरी मुली, एकेक मुलगी, तिचं एकेक दुःख, दर चार-पाच एपिसोडला हिरो एकीला सोडवणार, मध्ये कुणीतरी कुणाला लाथा मारणार की झाला विनोद. मूळचा तो २००४ चा गेम आहे, जपानमध्ये असे खास रडवण्यासाठी बनवलेले गेम असतात आणि 'की' (Key) नावाचा ब्रँड त्यासाठीच ओळखला जातो, तर ते गेमचं हाडूक पहिल्या सीझनभर टोचत राहतं. पण मग आफ्टर स्टोरी, म्हणजे दुसरा सीझन, सुरू होते आणि शाळा संपते. हीच गोष्ट मला या मालिकेची सगळ्यात मोठी वाटते, की शाळा संपते. हिरो, तोमोया, वायरमनचं काम धरतो, खांबावर चढतो, पहिल्या दिवशी इतका दमतो की घरी येऊन जेवायचंही त्राण नसतं. लहानशी भाड्याची खोली. चांगली नोकरी मिळत असते तर बापाला अटक होते आणि ती हातची जाते. शाळेतल्या नागिसाशी लग्न. हे सगळं इतक्या सावकाश दाखवलंय की दिवस जातायत हे आपल्यालाच जाणवायला लागतं. आणि मग बाळंतपणात, बाहेर बर्फ पडत असताना, घरातच नागिसा जाते. सोळावा एपिसोड.

पुढे पाच वर्षं तो मुलीला सासू-सासऱ्यांकडे टाकून देतो. उशिओ तिचं नाव. सासू, सानाए, काहीतरी बहाणा करून बाप-लेकीला एकत्र प्रवासाला पाठवते. अठरावा एपिसोड. फुलांचं मोठं शेत, त्यात तिचा खेळण्यातला रोबो हरवतो, बापाने आयुष्यात पहिल्यांदा घेऊन दिलेली वस्तू, आणि ती शोधत राहते पण रडत नाही. मग विचारते की आता रडलं तर चालेल का, कारण सानाएने सांगितलंय, रडायच्या जागा दोनच, एक संडास-बाथरूम आणि दुसरी बाबाची कुशी.

मी लॅपटॉप बंद केला. रात्रीचे दोन वाजले होते. बाबांना फोन लावला, पहिल्या रिंगला उचलला, "काय गं, बरी आहेस ना?" मी म्हटलं बाबा, मी आंघोळीला जायचे तेव्हा तुम्हाला ऐकू यायचं का? खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं बादली कधीचीच भरून वाहत असायची."

एवढंच. तेवढंच बोलणं त्यांना तेव्हा जमत होतं, नळ बंद कर. आई गेल्यानंतर पाच वर्षांनी मला ते कळलं आणि ते एका "कार्टून"मुळे कळलं, आणि ती मालिका जपानमध्ये दाखवून संपली होती मार्च २००९ ला, म्हणजे मी बादलीत तोंड घालून रडत होते त्याच्या आधीच ते वाक्य कुणीतरी लिहून, बोलून, रंगवून ठेवलेलं होतं. त्यामुळे काका, आणि आज हसलेले सगळे, कार्टून म्हणताना जरा जपून. ज्या क्योटो अ‍ॅनिमेशनने हे केलं त्या स्टुडिओला १८ जुलै २०१९ ला एका माणसाने आग लावली, ३६ माणसं गेली. चित्रं काढणारी, रंग देणारी माणसं. पावसात ओली झालेली बाही कशी लोंबते, रडू आवरताना बोटं पदराशी कशी चाळा करतात, हे बघण्यात ज्यांनी आपली नजर घालवली अशी माणसं.

पण म्हणून मी डोळे मिटून सगळ्याचं कौतुक करणार नाही, कारण मला या मालिकांचा रागही येतो, आणि तो राग प्रेमाइतकाच जुना आहे.

क्लॅनाडचाच शेवट घ्या. उशिओलाही आईचाच आजार होतो, तीही बर्फात बापाच्या हातात जाते, आणि मग काय, प्रकाशाचे गोळे येतात, काळ मागे जातो, नागिसा बाळंतपणातून वाचते, सगळं छान. त्या रात्री मी इतकी चिडले होते! अरे, आई गेलेल्या मुलीला तुम्ही हे दाखवता? आमच्याकडे कुठे आले गोळे? चाळीस एपिसोड मला सांगितलंत की माणसं जातात आणि उरलेल्यांनी एकमेकांना धरून राहायचं असतं, आणि शेवटच्या वीस मिनिटांत ते पुसून टाकलंत? हो, त्या गोळ्यांची पेरणी अगदी सुरुवातीपासून आहे, मान्य. तरी मला नाही पटलं, आजही नाही पटत. माझ्यासाठी ती मालिका एकोणिसाव्या एपिसोडला संपते, तोमोया स्वतःच्या बापाला भेटतो आणि म्हणतो की आता पुरे झालं, तुम्ही गावाकडे जा.

आणि भाचा आज जी बघत होता ती, युअर लाय इन एप्रिल. त्यातला पियानो वाजवणारा मुलगा कोसेई, त्याची आई आजारी आहे, व्हीलचेअरवर आहे, आणि पोराने पियानो चुकवला की छडीने मारते, रक्त येईपर्यंत. एक दिवस तो म्हणतो तू मरून जा, आणि ती खरंच जाते, आणि त्यानंतर त्याला पियानो वाजवताना स्वतःचे सूर ऐकूच येत नाहीत. हा जो भाग आहे ना, सूर ऐकू न येणं, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं, तो इतका खरा आहे की मला त्या बारक्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलेलं. पण पुढे मालिका हळूहळू आईला माफ करून टाकते. तिला तुझ्या भविष्याची काळजी होती रे, प्रेमच होतं रे ते. नाही! मार तो मार. आपल्याकडे कमी ऐकलंय का हे, तुझ्या भल्यासाठीच मारलं? तिथे मला मालिकेने पोराची बाजू सोडल्यासारखं वाटलं. आणि काओरी, ती व्हायोलिनवाली मुलगी, तिला स्वतःचं आयुष्य असं काय दिलंय? मुलाला परत पियानोपाशी बसवायचं आणि मरायचं. शेवटच्या पत्रात ती कळते, आणि ते पत्र सुंदर आहे, त्यात दुमत नाही, मी चार वेळा रडलेय त्याला. पण एका मुलीचं मन कळायला ती मरावी लागते आणि तिचं पत्र उघडावं लागतं, हे बरोबर आहे का?

अनोहानाही तशीच, मेलेली मुलगी परत येते आणि जिवंत मित्रांची भांडणं मिटवून जाते. अकरा एपिसोड आहेत, शेवटच्यात सगळे इतक्या मोठ्याने रडतात की मला बघणाऱ्याला रडायला जागाच उरली नाही. त्या मालिकेत मला लागली ती त्या मेलेल्या मुलीची, मेन्माची, आई. ती त्या मुलांना म्हणते की तुम्ही सगळे मोठे झालात, माझी मुलगी तेवढी तिथेच राहिली. वाईट वाटतं तिचं बोलणं, पण शोक तसाच असतो, तो चांगल्या माणसांनाही वाईट बोलायला लावतो. असं एक मिनिट मिळालं की मी बाकीचे पियानो आणि फुलांच्या पाकळ्या माफ करते.

व्हायोलेट एव्हरगार्डन, लोकांची पत्रं लिहून देणाऱ्या व्हायोलेट नावाच्या मुलीची मालिका, तिचा दहावा एपिसोड माहीतच असेल सगळ्यांना. आजारी आई सात दिवस बसून सात वर्षांच्या मुलीसाठी पत्रं लिहून घेते, पुढच्या पन्नास वाढदिवसांची पन्नास पत्रं. ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मत्सर वाटला, चक्क मत्सर, त्या चित्रातल्या मुलीचा. माझ्याकडे आईच्या अक्षरातली एक किराणा मालाची यादी आहे. हो, त्या मालिकेत जवळपास दर आठवड्याला कुणीतरी गेलेलं असतं किंवा जाणार असतं, आणि तो लष्करातला मेजर आणि ती कोवळी व्हायोलेट हे प्रकरण मला कधीच सरळ वाटलं नाही. पण यादी बघून रडणाऱ्या बाईला ते पन्नासावं पत्र काय वाटतं ते मलाच माहीत.

उलट मार्च कम्स इन लाइक अ लायन बघा. तिथे रडवायला म्हणून कुणाला मारावं लागत नाही. रेई सतरा वर्षांचा, शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळून पैसे कमावतो, आई-बाबा-बहीण आधीच गेलेत, एकटा राहतो. नदीपलीकडे तीन बहिणींचं घर आहे, तिथे त्याला जेवायला वाढतात. बस, वाढतात. दुसऱ्या सीझनमध्ये मधली बहीण हिना वर्गात छळ होणाऱ्या मैत्रिणीची बाजू घेते, मग सगळे तिच्यावर उलटतात, आणि ती रात्री रडत रडत, नाक वाहतंय, म्हणते की मी जे केलं ते चुकीचं नव्हतं. मृत्यू नाही, आजार नाही, एक मुलगी नाक पुसत ठामपणे उभी आहे. मला विचाराल तर हे सगळ्यात अवघड काम. मेलेल्या माणसासाठी कुणीही रडवेल.

परत काकांकडे येते. हेच काका श्यामची आई टीव्हीवर लागला की डोळ्याला रुमाल लावतात, मी लहानपणापासून बघतेय. अत्र्यांचा तो १९५३ चा पिक्चर बघून अख्खा महाराष्ट्र रडला, तेव्हा कुणी कुणाला मुलगी आहेस का विचारलं नाही. तिथे रडणं म्हणजे संस्कार आणि आमच्या पोराचं रडणं म्हणजे चेष्टा? का, तर चित्रं जपानी आहेत म्हणून?

(जेवून आले. थोडी शांत झालेय.)

आई गेली तेव्हा सगळी धावपळ याच काकांनी केली होती. लाकडांपासून दहाव्यापर्यंत. त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नाही, आणि आईने त्यांना सख्ख्या दिरासारखं केलं होतं. त्यांच्या लहानपणी घरात नळ नव्हता, बाथरूम नव्हतं, आड होता, तोही सगळ्या आळीचा. ते कुठे रडले असतील? हा विचार मी आज पहिल्यांदा केला. तरीही त्यांनी त्याचा मोबाईल हॉलमध्ये आणायला नको होता. ते मी विसरणार नाही आणि पुढच्या वेळी तोंडावर सांगणार आहे.

दुपारी मी त्या बाथरूमच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं सुचेना. आणि माझ्या तोंडातून काय निघावं, "बाळा, बादली भरली असेल रे." नळ बंद झाला. बऱ्याच वेळाने कडी निघाली, तोंड धुतलेलं, डोळे लाल. मी काही विचारलं नाही, नुसतं जवळ घेतलं. माझ्यापेक्षा उंच झालाय, हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली त्याची.

आत्ता त्याचा मेसेज आलाय. क्लॅनाड बघायचीय, पण आत्या, डायरेक्ट अठराव्या एपिसोडला गेलं तर चालेल का, परीक्षा आहे. नाही चालणार. तो वायरमनचा पहिला दिवस, ती भाड्याची खोली, बेकरीतले ते सानाएचे विचित्र पाव, सगळं बघावं लागेल, कंटाळा आला तरी. परीक्षा संपली की इकडे ये म्हटलंय आठ दिवस. बाबांनाही विचारलं आत्ता, बघाल का आमच्याबरोबर. म्हणाले, "मराठीत आहे का?" नाही म्हटलं. "मग तू सांगत जा मध्ये मध्ये."